राखेतून उगवणारी टेंभुर्णी

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, दुर्ग करीत रायपूरला पोहोचते. येथून पर्यटक सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर पाहतात, नाहीतर शंभरेक किलोमीटरवरचे बारनवापारा अभयारण्य गाठतात. आरंगच्या पुढे महानदीचे रुंद, वाळूचे पात्र ओलांडले की हळूहळू साग, ऐन, बांबूचे रान सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात, तर या भागातल्या जंगलात कुठे कुठे जळालेली काळी जमीन दिसेल. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि वारा सुटला की ती आग रानात शिरते.

त्या राखेतून काही आठवड्यांतच कोवळी, लालसर पालवी डोके वर काढते. हा तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी! खोड जळाले तरी मातीखाली झळ फारशी पोहोचत नाही. मुळे शाबूत राहतात आणि त्यांवरूनच नवे धुमारे फुटतात. हलक्या, रेताड जमिनीतही मुळे दूरवर पसरतात, त्यामुळे एका झाडाभोवती झुडपांचे बेटच तयार होते.

विडीला लागते ते याच कोवळ्या झुडपाचे पान. आगीने पालवी चांगली फुटते, हा समज म्हणूनच रुजला. पण हा सौदा महागाचा आहे. तेंदू तगतो, मात्र इतर झाडांची रोपे आणि जमिनीवरची पाखरांची अंडी भस्म होतात. त्याऐवजी उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपे छाटली, तरी तसेच धुमारे येतात. छत्तीसगढमध्ये या छाटणीला ‘शाखकर्तन’ म्हणतात.

पुढे उन्हाळ्यात काही आठवडे पहाटेपासून घरेच्या घरे पाने तोडायला निघतात. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. म्हणजे पन्नास हजार पाने! त्याला 2024 च्या हंगामापासून सरकारने 5500 रुपये दर दिला, त्याआधी 4000 होता. धान पेरण्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत हाच पैसा घरात येतो. विडीचे दुष्परिणाम सांगणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात घ्यायला हवा.

वरचेवर जळणारे किंवा छाटले जाणारे झुडूप सहसा फळापर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्यात पिकणारी पिवळी, गोड-तुरट टेंभरे माणसांना आवडतात, तशी अस्वलांनाही. ती हवी असतील, तर आगीतून आणि कोयत्यातून सुटून उंच वाढलेला तेंदू शोधावा लागतो.