घोडघास, रेसचा घोडा आणि पैजेचा हिशोब



आजची नोंद घासाची आहे, आणि तो घास खाणाऱ्या घोड्यांचीही आहे. माझ्याकडं वीस गुंठे लसूणघास आहे, राहुरी विद्यापीठाचा आर. एल. ८८. जुनी माणसं याला घोडघासच म्हणायची. नोव्हेंबरात पेरला, पहिली कापणी पन्नासाव्या दिवशी झाली, आता पुढच्या कापण्या २१ ते २५ दिवसांनी. निम्मा घरच्या गाईंना, निम्मा पुण्याकडच्या एका तबेल्याला जातो. तिथं रेसचे घोडे आहेत.

घोड्याला घास देताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. बुरशी धरलेला, पेंढीत तापलेला घास अजिबात चालत नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट परत बाहेर येत नाही आणि पोटशूळ उठला की जनावर हातचं जातं. म्हणून आम्ही दव उडाल्यावर कापतो आणि त्याच दिवशी पोचवतो.

तबेल्यात आठ वर्षं जाणं-येणं आहे. मोतद्दार, ज्याला तिथं सईस म्हणतात, त्याच्याशी चहापाणी होतं. त्यामुळं रेस म्हणजे काय, पैज कशी लागते, पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, हे कानावर पडत गेलं. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. त्याच्या उसाचा पहिला हप्ता जमा झाला, एक लाख ऐंशी हजार. दोन एकराला ठिबक करायचं ठरलेलं होतं. तर संध्याकाळी येऊन म्हणतो, "तात्या, तुम्ही घास घालता तिथं. एखादा घोडा सांगा की. पन्नास हजार बाजूला काढलेत. डर्बी आलीय."

त्याला तीन संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथं लिहितो. गावोगावी अशी पोरं आहेत, म्हणून.

आधी साधी माहिती. आपल्याकडं रेस दोन ठिकाणी होते. पावसाळ्यात पुण्याला, एम्प्रेस गार्डनच्या शेजारच्या मैदानावर, आणि थंडी सुरू झाली की मुंबईला महालक्ष्मीला. महालक्ष्मीचं मैदान १८८३ सालचं. तिथं फेब्रुवारीच्या सुरुवातीला इंडियन डर्बी होते, २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची. ती १९४३ पासून चालू आहे. रेसच्या घोड्याचं वय सगळ्यांचं एकाच दिवशी, १ जानेवारीला वाढतं. मार्चात जन्मलेला असो नाहीतर जानेवारीत, कागदावर वाढदिवस एकच. आपल्या शाळेतल्या १ जूनच्या जन्मतारखेसारखंच की.

मैदानात गेलं की एक छोटं पुस्तक मिळतं. त्यात प्रत्येक घोड्याचा नंबर, आई-बाप, जॉकी, ट्रेनर, पाठीवरचं वजन, सुटायचं गेट आणि मागच्या धावा लिहिलेल्या असतात. बऱ्याच रेस हँडिकॅपच्या असतात. म्हणजे जो घोडा जास्त जिंकलाय त्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याला कमी. सगळे शेवटाला जवळजवळ यावेत अशी ती व्यवस्था. म्हणून मागच्या वेळी जिंकलेला घोडा यंदाही जिंकेल असं धरायचं नाही. त्याची पाठ आता जड झालेली असते.

पैजेचे प्रकार पुष्कळ आहेत. नवख्याला इतके कळले तरी बास.

विन: आपला घोडा पहिलाच यायला पाहिजे.
प्लेस: पहिल्या दोन-तीनात आला तरी चालतो. किती नंबर धरायचे ते किती घोडे पळतात यावर. यात मिळतं कमी, पण मिळायची शक्यता जास्त.
फोरकास्ट: पहिला आणि दुसरा, दोन्ही त्याच क्रमानं सांगायचे. क्विनेला: तेच दोन, पण उलटसुलट आले तरी चालतात.
तनाला: पहिले तिघं, क्रमानं.
जॅकपॉट: ओळीनं पाच रेसचे जिंकणारे.

जसं खाली जाल तसा आकडा मोठा आणि लागण्याची शक्यता लहान. नवीन पोरगं थेट जॅकपॉटकडं बघतं.

आता पैसा. पैज दोन ठिकाणी लागते, टोटवर नाहीतर बुकीकडं.

टोट म्हणजे एक पेटी समजा. सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात. त्यातून कमिशन कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा दहा जणांनी शंभर-शंभर लावले. हजार झाले. समजा वीस टक्के कापले. उरले आठशे. जिंकलेल्या घोड्यावर चौघांनी लावले असतील तर प्रत्येकी दोनशे. एकट्यानंच लावले असतील तर आठशे त्याचे. म्हणजे तुमचा घोडा बरोबर आहे की नाही यापेक्षा, तोच घोडा अजून किती जणांनी धरलाय, यावर मिळकत ठरते.

हे आपल्याला नवीन नाही. गेल्या साली टोमॅटोला भाव होता म्हणून यंदा सगळा गाव टोमॅटो लावतो. पीक चांगलं येतं, अंदाज चुकत नाही, पण वाटेकरी इतके होतात की क्रेटचा खर्च निघत नाही. टोटवरचा फेवरेट घोडा म्हणजे तो टोमॅटो. जिंकतो, पण हातात काही ठेवत नाही.

बुकीचं वेगळं. तो आधीच भाव सांगतो आणि आपण घेतला तो भाव आपला. समजा चार घोडे आहेत. पहिल्याला बरोबरीचा भाव, म्हणजे पन्नास लावले तर शंभर परत. दुसऱ्याला दोनास एक, तेहतीस लावले की साधारण शंभर परत. तिसऱ्याला तीनास एक, पंचवीसाचे शंभर. चौथ्याला चारास एक, वीसाचे शंभर. आता चारही घोडे घेऊन बघा. ५० आणि ३३ आणि २५ आणि २०, बेरीज १२८. कुठलाही जिंको, हातात येणार शंभर. वरचे २८ बुकीची आडत. मार्केट यार्डातल्या पट्टीवर आडत, हमाली, तोलाई निदान छापलेली असते. इथं ती भावातच मुरवलेली असते, म्हणून डोळ्याला दिसत नाही.

त्यावर सरकारचा वाटा. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. कर वरून घेतला काय किंवा पेटीतून कापला काय, जातो तो लावणाऱ्याच्याच खिशातून. वरून घेतला असं धरलं तर आपल्या त्या दहा जणांच्या खिशातून गेले चौदाशे आणि सगळ्यांना मिळून परत आले आठशे. एखादा हसत घरी जातो, पण दहा जणांचा मिळून सहाशेचा खड्डा ठरलेला.

जिंकलात तर आयकर वेगळा. रेसच्या कमाईवर सरळ ३० टक्के. शेतीच्या उत्पन्नाला सूट आहे, याला नाही. आणि हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा करून दाखवता येत नाहीत.

एवढं ऐकून पुतण्या म्हणाला, "पण तात्या, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, रेस हा जुगार नाही, कौशल्य आहे."

बरोबर आहे त्याचं. १९९६ साली तमिळनाडूच्या खटल्यात कोर्टानं तसंच म्हटलंय. आणि कौशल्य खरंच आहे. कुठल्या घोड्याला लांब पल्ला झेपतो, कोण ओल्या मैदानावर चालतो, पाठीवर किती वजन आलं, जॉकी बदलला का, हे बघणारा आणि नुसतं नाव आवडलं म्हणून लावणारा सारखे नाहीत. पण त्या सईसाकडं बघा. घोड्याजवळ झोपतो, त्याचा श्वास ओळखतो. इतकं जवळून बघूनही तो मला म्हणतो, "साहेब, घोडा तयार आहे एवढं मी सांगू शकतो. जिंकेल हे नाही सांगू शकत. बाकीचे अकरा पण तयार असतात." कौशल्यानं शंभरात चार-पाच रुपयांचा फायदा मिळेलही. पण कापणारे तीसचाळीस रुपये कापतात, त्याचं काय करायचं?

मग त्यानं आपलं नेहमीचं वाक्य काढलं. "शेती तरी काय, जुगारच की."

हे मला उडवून लावता आलं नाही. पावसाचा भरवसा नाही, भावाचा नाही. कांदा चाळीत ठेवणं ही पैजच आहे. पण फरक आहे, तो मी त्याला माझ्या परीनं सांगितला. मी दोन पाण्यांतलं अंतर नीट ठेवलं, बेणं चांगलं निवडलं, वेळेवर बांधणी केली, तर ऊस वाढतो. माझ्या कष्टानं माझा घोडा जोरात पळतो. रेसला तिकीट हातात आलं की तुमचं काम संपलं. तुम्ही कितीही ओरडा, घोड्याला ऐकू जात नाही. आणि पीक गेलं तरी पाचट राहतं, रान राहतं, पुढचा हंगाम राहतो. हरलेल्या तिकिटाचा कडबा होत नाही.

शेवटी पोरगं फिरून माझ्यावरच आलं. "मग तुम्ही तिथं घास कशाला विकता?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणलं, मी किलोवर विकतो. घोडा पहिला येवो नाहीतर शेवटचा, माझ्या घासाचं वजन तेवढंच आणि पैसे तेवढेच. सईसाला पगार आहे, बुकीला आडत आहे, सरकारला कर आहे. त्या सगळ्या मैदानात घोड्याच्या निकालावर ज्याची संध्याकाळ अवलंबून आहे, असा एकटा तिकीटवाला. माझी कमाई त्या मैदानावरच होते हे मी नाकारत नाही. म्हणूनच कोण कुठं उभं राहून कमावतो ते तुला सांगतोय.

तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "बघायला तर जाऊ द्या." त्याला मी अडवलं नाही. घोडा पळताना बघण्यासारखाच असतो. आपण बैलगाड्याला उन्हात दिवसभर उभं राहतो, मग हेही बघावं.

जाणाऱ्यासाठी चार गोष्टी:

१. जेवढे गेले तर घरात कुणाला कळणारही नाही, तेवढेच रोख घ्यायचे. ते जत्रेचे पैसे समजायचे.
२. फोनवरून पैसे मागवायचे नाहीत. हरलेले भरून काढायला दुप्पट लावणं, इथंच माणूस बुडतो.
३. पहिल्या दिवशी विन नाहीतर प्लेस, आणि तेही दोन-तीन रेसवरच. बाकीच्या नुसत्या बघायच्या.
४. मैदानाबाहेर कुणी "आतली खबर" विकायला आला तर एकच विचार करायचा. खबर खरी असती तर त्यानं ती विकली असती का?

हप्त्याचे, दुधाच्या पगाराचे, सोसायटीच्या कर्जाचे पैसे तिकडं न्यायचे नाहीत. त्यांच्यावर आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं.

पुतण्या डर्बीला जाणार आहे, दोन हजार घेऊन. उरलेल्या अठ्ठेचाळीस हजारांचं काय करतो ते त्याचं तो बघेल, पण ठिबकचं कोटेशन त्यानं काल आणून दाखवलं. आता आमचा वाद लॅटरलमधल्या अंतरावर चालू आहे. तो साडेचार फूट म्हणतो, मी पाच. भारी रानात, को ८६०३२ ला पाच फुटी सरीवर ज्यांनी ठिबक केलंय, त्यांनी खोडव्याला काय फरक पडला ते जरूर कळवा.