नागली, काजळ, शेंदूर

कळवणच्या आठवडे बाजारात नागलीचं आणि खुरासणीचं पोतं एकमेकांना टेकून उघडं होतं. एकात तांबूस दाणे, दुसऱ्यात काळेभोर. डोंगरपट्ट्यातून आलेली कोकणा बाई मापटं भरत होती. पूर्व आफ्रिकेच्या उंच मुलखात, इथिओपियात, आजही या दोघी अशाच शेजारणी आहेत. दोघींचं माहेर तेच. कुठल्या राजाने त्यांना आणलं नाही, कुठल्या शिलालेखात त्यांचं येणं कोरलेलं नाही. मूठभर बी जपून, पुढच्या पावसाची वाट बघून, त्या हातोहात इथवर आल्या. गव्हाच्या मऊ पोळीपेक्षा मला नागलीची भाकरी जवळची वाटते; ती चावावी लागते, म्हणून लक्षात राहते.

त्या बाईच्या डोळ्यांत काजळ होतं.

आजी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताट, खाली रात्रभर जमणारी काजळी. सकाळी ती बोटाने निपटून घ्यायची, लोण्यात खलायची आणि आधी पाळण्यातल्या बाळाला लावायची. वात मोठी झाली तर काजळी खरखरीत येते, दिव्याला वारा लागला तर येतच नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने. प्राचीन इजिप्तमधल्या बायका-पुरुषांचं काजळ मात्र बहुधा शिशाच्या खनिजाचं असे. 1999 साली संशोधक फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लूव्र संग्रहालयातल्या जुन्या प्रसाधनपात्रांतली भुकटी तपासली. तिच्यात शिशाची अशी संयुगं निघाली, जी निसर्गात क्वचितच सापडतात. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती मुद्दाम बनवत होतं: शिशाची राख मिठाच्या पाण्यात घोटायची, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं, असं कित्येक आठवडे. एवढा धीर धरणाऱ्या त्या माणसाचं नाव कुठेच नाही. मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. फॅरोंच्या नावांपेक्षा मला ते नाव हवं होतं.

तीच शिशाची राख हवेत आणखी भाजली की केशरी होते. तो शेंदूर. कळवण तालुक्यातच सप्तशृंगगडावर अठरा हातांच्या देवीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या त्याचे थर चढत गेले. 2022 साली ते उतरवले, तेव्हा कड्यात कोरलेली मूळ मूर्ती दिसली. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्यांनी शेंदरातली देवी पाहिली, पुढच्यांनी पाषाणातली पाहिली. दोघांचं दर्शन मला सारखंच खरं वाटतं. शिसं अंगात गेलं तर घातक. ते देवाच्या अंगावरच बरं. बाळाच्या डोळ्यांत तर कुठलंच काजळ नको, डॉक्टर सांगतात ते ऐकावं; आजीचा दिवा आठवणीत तेवत राहू द्यावा.

बाजारातून निघताना खुरासणी घेतलीच पाहिजे. कोरडी भाजून, लसूण-मीठ-मिरची घालून कुटलेली चटणी नागलीच्या भाकरीवर तेल सोडते. त्यातली मिरची सगळ्यांत धाकटी, अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. त्याआधी आपल्याकडे तिखट यायचं ते मिरी-पिंपळीतून. एकदा लाल मिरची वगळून, लेंडी पिंपळी घालून ही चटणी कुटून बघायची आहे.