बाबांचा आकडा : २२

१/ बाबांच्या कागदपत्रांत परवा एक जुने तपासणी-कार्ड सापडले. उंची १.६५ मीटर, वजन ६० किलो. पुढे निळ्या शाईत ‘बीएमआय २२, नॉर्मल’. त्या शब्दावर विसंबून आम्ही सहा वर्षे निर्धास्त राहिलो. पायाची जखम भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासले गेले. मधुमेह बराच मुरलेला होता. हा आकडा मुळात आला कोठून, हे शोधल्यावाचून मला राहवेना.

२/ गणित सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १.६५ चा वर्ग सुमारे २.७२, ६० भागिले २.७२ म्हणजे २२. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकानुसार प्रौढांसाठी १८.५ ते २४.९ योग्य, २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता.

३/ या सूत्राचा जनक वैद्य नव्हता. अ‍ॅडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याने १८३० च्या दशकात मांडले. त्याला शोध होता तो समाजातल्या ‘सरासरी माणसा’चा, स्थूलतेचे निदान हा त्याचा विषयच नव्हता.

४/ १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासली आणि या जुन्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, भारतीयही नव्हते.

५/ २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र झळकले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तराजूला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही, हे त्या एका चित्राने दाखवून दिले.

६/ पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या : २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता. कंबरेचा घेरही महत्त्वाचा मानला गेला. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. तरीही बाबांचे २२ या नव्या चाळणीतूनही सुटलेच असते. त्यांच्या हातापायांच्या काड्या आणि सुटलेले पोट आम्हाला रोज दिसत होते. फक्त टेप कोणी लावली नाही.

७/ काल मी माझे गणित मांडले. उत्तर आले २२.४. मग शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजली : ९३. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे. बाबांचे कार्ड सोबत नेईन.