डाग नसलेली गळती

आमच्या कॅम्पर व्हॅनच्या पोटात तीन वेगवेगळी तेलं आहेत आणि ती घरी आणली तेव्हा तिन्ही बाहेर यायला बघत होती. ड्राइव्हवेवर डाग मात्र एकच पडायचा, काळपट तपकिरी. त्यावर मांजराची वाळू पसरायची, तेल शोषलं गेलं की झाडून घ्यायची, एवढंच सुरुवातीला चालायचं. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या तोंडाशी ‘इथलं पाणी खाडीत जातं, काही ओतू नका’ अशा अर्थाची पाटी आहे. सॅन फ्रान्सिस्को बेच्या काठी, फ्रीमॉन्टमध्ये राहायचं तर गिअरबॉक्सचं तेल पावसाबरोबर तिकडे पाठवून चालत नाही.

व्हॅन १९७७ सालची फोक्सवॅगन टाइप २. आतला पलंग, सिंक, शेगडी आणि वर उचललं जाणारं छप्पर वेस्टफालिया कंपनीचं. मागे दोन लिटरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. या गाड्यांना बहुतेक वेळा हाताने टाकायचे चार गिअर असतात. १९७३ च्या मॉडेलपासून तीन गिअरचा ऑटोमॅटिकही मिळू लागला. माझ्या नवऱ्याला क्लचची गाडी जमत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम ऑटोमॅटिक शोधून काढली. विकणारा हसून म्हणाला, “तेल गळत असेल तर काळजी नको, तेल आहे असं समजायचं. गळायचं थांबलं की काळजी करा.” जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा विनोद सगळ्यांना पाठ आहे. तो अर्धाच खरा आहे, हे पुढे कळलं.

त्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. ते एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडला नव्हता, पण गळती शोधण्यात त्यांची उमर गेली होती. मी सुट्या भागांची यादी करत बसले होते, ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली.

“आधी धुवायचं, मग बघायचं, मग पाना उचलायचा. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळत असली की वारा त्याला पुढून मागे नेतो. जिथं थेंब लटकलाय तिथं गळती असेलच असं नाही, पोरी.”

मागची चाकं उचलून गाडी घोडीवर घेतली. खालचा सगळा भाग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने घासून पुसला, वाळू दिला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मग गाडी फिरवून आणली आणि रात्री खाली कोरा पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब वेगवेगळे पडलेले होते, रंगासकट. गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, लाल असतं. इंजिनचं तपकिरी. डिफरन्शियलमधलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल रंगाने फसवतं, पण त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो. बाबा बोटाला लावून वास घ्यायचे आणि खडूने पुठ्ठ्यावर नाव लिहायचे.

पहिली गळती सोपी निघाली. गिअरबॉक्सच्या चेंबरची कड चहूबाजूंनी लाल झाली होती. कुठल्याशा आधीच्या गॅरेजात बोल्ट ताकदीने आवळून, वर सिलिकॉन फासून ती बंद करायचा प्रयत्न झालेला दिसत होता. चेंबर पातळ पत्र्याचं असतं. त्याचे बोल्ट साधारण दहा न्यूटनमीटरवर, म्हणजे छोट्या पान्याने हलक्या हाताने आवळायचे असतात. जास्त जोर लावला की भोकांजवळची कड वाकते, मधल्या जागेत फट पडते आणि जितकं आवळाल तितकं गळतं. सिलिकॉनचा धोका वेगळा. त्याचा तुकडा आत सुटला तर व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन अडकतो. आम्ही कड खरवडून साफ केली, लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केली आणि नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट समोरासमोरचे, क्रमाने आवळले. पॅकिंग दबून बसलं की बोल्ट सैल पडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी टॉर्क पाना पुन्हा एकदा फिरवला.

पुठ्ठ्यावरचा लाल रंग बराच कमी झाला, तरी डिपस्टिकवरची पातळी उतरतच राहिली. ही पातळी मोजायची रीतही लक्षात ठेवावी लागते: तेल गरम, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दोन खुणांमधलं अंतर अर्ध्या लिटरपेक्षाही कमी तेलाचं, त्यामुळे घाईने ओतलं तर जास्त होतं. आम्ही रीत पाळत होतो, तरी तेल कमी व्हायचं. आणि गाडी चालू केली की मागून पांढरा धूर.

या गिअरबॉक्सवर डबीसारखा एक व्हॅक्यूम युनिट असतो. त्याची नळी इंजिनच्या इनटेकला जोडलेली असते. इंजिनवर किती भार आहे हे गिअरबॉक्सला त्या नळीतल्या ओढीवरून कळतं. डबीतला पडदा फाटला की इंजिन तीच नळी वापरून एटीएफ पिऊ लागतं आणि जाळून टाकतं. जमिनीवर थेंबही पडत नाही. नळी काढली तर आतून लाल तेल ओघळलं. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून माफी आहे. आमची १९७७ ची, म्हणजे दर दोन वर्षांनी तपासणी आलीच. तो धूर घेऊन तिथे उभं राहणं शक्य नव्हतं. युनिट बदलला, धूर गेला.

आता उरला इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून पडणारा लाल थेंब. तो टॉर्क कन्व्हर्टरच्या सीलचा. त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. मी तयारीला लागले, तर बाबा म्हणाले, “एवढं उतरवणार आहेस तर आधी डिफरन्शियलचा प्लग उघडून बघ.”

“तिथून काही गळत नाहीये, बाबा. फक्त बाजूच्या फ्लँजचं सील ओलं आहे, ते बदलणारच आहे.”

“ओलं का झालं, ते बघ.”

इथे या गिअरबॉक्सची रचना सांगायला हवी. मागून पुढे बघितलं तर आधी इंजिन, मग कन्व्हर्टर, मग डिफरन्शियल आणि सगळ्यात पुढे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कन्व्हर्टरला लागणारं लाल तेल पुढच्या टोकाच्या पंपातून येतं, म्हणजे त्याची वाट डिफरन्शियलच्या मधून, पोकळ पिनियनच्या आतून जाते. लाल तेल आणि गिअर ऑइल यांच्यामध्ये जे काही आहे ते रबरी सील आणि पॅकिंग. रबर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कडक होतं, त्यात कुणाचा दोष नाही. ही सीमा फुटली की दाबाखालचं एटीएफ शेजारी शिरतं.

डिफरन्शियलमध्ये तेल प्लगच्या खालच्या कडेपर्यंत असावं. आम्ही प्लग सैल करताच तेलाची धार लागली, थांबेचना. पातळ, लालसर, गंधकाचा वास जेमतेम. फ्लँजचं सील त्या जादा तेलामुळे ओलं झालं होतं. नुसतं ते बदललं असतं तर नवं सीलही महिन्याभरात गळलं असतं.

डिफरन्शियलमधले हायपॉइड दात एकमेकांवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये टिकून राहण्यासाठीच गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त द्रव्यं घातलेली असतात. त्यात एटीएफ मिसळलं की ती विरळ होतात. आधी एक बारीक घरघर ऐकू येते, मग दात झिजतात. एवढं होईपर्यंत ड्राइव्हवे स्वच्छ राहू शकतो.

मग सगळंच उतरवलं. कन्व्हर्टर ड्राइव्ह प्लेटला तीन बोल्टांनी धरलेला असतो. इंजिन हाताने फिरवत एकेक बोल्ट भोकासमोर आणून काढला, मग इंजिनचे चार बोल्ट. इंजिन जॅकवर सरकताच नवऱ्याने कन्व्हर्टरला पट्टी आडवी बांधली, नाहीतर तो घसरून पडतो. गिअरबॉक्स डिफरन्शियलपासून सोडवला आणि आतली सील बदलली. ती पाठीला पाठ लावून बसतात, एकाची ओठाची बाजू लाल तेलाकडे, दुसऱ्याची गिअर ऑइलकडे. बसवताना दिशा चुकली तर मेहनत वाया. पिनियनला हात लावला नाही. त्याची जागा कारखान्यात बारीक चकत्या घालून ठरवलेली असते. कन्व्हर्टर परत बसवताना तो फिरवत फिरवत शेवटपर्यंत आत जायला हवा. अर्धवट बसलेला असताना इंजिनचे बोल्ट आवळले तर आत मोडतोड ठरलेली. काढलेलं तेल डब्यांत भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या केंद्रावर दिलं.

अजूनही व्हॅनखाली कधीमधी एक तपकिरी थेंब पडतो, इंजिनच्या पुशरॉडच्या नळ्यांचा. तो आम्ही ठेवला आहे. कुठून येतो ते माहीत आहे, किती येतो तेही माहीत आहे, आणि इंजिनचं तेल तर दर प्रवासाआधी बघतोच. प्रत्येक गळती बंद करण्याच्या हट्टात लोक जुन्या गाड्या वर्षानुवर्षं गॅरेजात उघड्या टाकतात.

डिफरन्शियलच्या प्लगची गोष्ट वेगळी. इंजिनचं तेल बदलायला गाडीखाली गेले की मी तो उघडते. तेल कडेला आहे ना, दाट आहे ना, वास तसाच उग्र आहे ना, एवढंच बघायचं. पाच मिनिटांचं काम. जुनी ऑटोमॅटिक व्हॅन घ्यायला निघालेल्या मैत्रिणीला मी सांगते की गाडीखालचे डाग बघून किंमत पाडून माग, पण पैसे देण्याआधी तो प्लग उघडू दे म्हणून आग्रह धर. विकणारा नाही म्हणाला, तर गाडी तिथेच सोडून ये.