नऊ नंबरचा सदरा

ज्याची सारी हयात विभक्ति आणि समास शिकविण्यांत गेली त्यानें फुटबॉलवर लिहावें, हें वाचकांस कांहींसें चमत्कारिक वाटेल. मलाही तें वाटतेंच. परंतु मी कोल्हापूरचा रहिवासी. आणि कोल्हापुरांत राहून फुटबॉलपासून अलिप्त राहणें म्हणजे पंढरपुरांत राहून टाळांचा आवाज कानीं न येऊं देण्यासारखें आहे. येथें तालमी-तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला, म्हणजे दुपारच्या तासांना माझ्या वर्गांतलीं निम्मीं बांकें रिकामीं असत. एका तालमीचा खेळाडू पुढच्या हंगामांत दुसऱ्या तालमीचा सदरा घालून उतरला, तर प्रेक्षकांतून त्याचें कसें स्वागत होतें, तें मीं या कानांनीं ऐकलें आहे. येथें लिहवत नाहीं.

आज मात्र लिहावयाचें आहे तें दूर इंग्लंडांत गाजलेल्या एका खेळाडूविषयीं, आणि त्याच्या निमित्तानें जवळच्या एका माणसाविषयीं.

आम्हां तिघां भावांचें एकत्र कुटुंब आहे. धाकट्या भावाचा मुलगा दहा वर्षांचा असतांना, म्हणजे २००७ सालीं, त्याला लिव्हरपूल या क्लबाचें वेड लागलें. कोणीं लावलें ठाऊक नाहीं. अशीं वेडें साथीच्या तापाप्रमाणें हवेंतून येतात. त्याच वर्षीं माद्रिदच्या ॲटलेटिको क्लबांतून फर्नांडो टोरेस नांवाचा तेवीस वर्षांचा आघाडीचा खेळाडू लिव्हरपूलनें विकत घेतला होता. ॲनफिल्ड या घरच्या मैदानावरील पहिल्याच लीग-सामन्यांत त्यानें गोल केला, तो नेमका चेल्सीविरुद्ध. पहिल्या हंगामांत लीगमध्यें २४ आणि सर्व स्पर्धा धरून ३३ गोल. २००८ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत स्पेननें जर्मनीला हरविलें, तो एकुलता एक गोलही त्याचाच.

पण हे झाले आंकडे. लोकांचा जीव जडला तो एका पट्टीमुळें. ॲटलेटिकोचा कर्णधार असतांना टोरेसच्या दंडावर जी पट्टी असे, ती एकदां भर सामन्यांत सुटली, आणि तिच्या आंतल्या बाजूस लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या प्रसिद्ध गीतावरून घेतलेले शब्द दिसले. म्हणजे हा येण्यापूर्वींच आमचा होता! तेथल्या प्रेक्षकांनीं त्या पट्टीवर गाणेंही रचलें. आमच्या पुतण्यानें वाढदिवसाला दुसरें कांहीं मागितलें नाहीं. नऊ नंबरचा तांबडा सदरा तेवढा मागितला. तो धुण्यास मिळावा म्हणून त्याच्या आईला त्याला झोंपेंत गांठावें लागे.

२०११ च्या जानेवारीअखेर, ऐन हंगामांत, टोरेसनें क्लबाकडे लेखी मागणी केली कीं, मला जाऊं द्या. ३१ जानेवारीस, खरेदीविक्रीची मुदत संपतां संपतां, चेल्सीनें पांच कोटि पौंड मोजून त्याला नेलें. ब्रिटनमध्यें तोंवर कोणत्याही खेळाडूसाठीं एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. आणि गेला तो कोठें? ज्यांच्याविरुद्ध अवघ्या तीन महिन्यांपूर्वीं दोन गोल करून त्यानें सामना जिंकून दिला होता, त्यांच्याकडे! वर, नव्या दारांत पाऊल ठेवतांच तो अशा अर्थाचें बोलला कीं, जगांतल्या मोठ्यांत मोठ्या क्लबांपैकीं एकांत खेळणें हेंच खेळाडूचें ध्येय असतें. मग काल होता तो काय लहान होता? माझ्या मतें पांच कोटि पौंडांपेक्षां हें वाक्य लोकांस अधिक झोंबलें. लिव्हरपूलमध्यें त्याचे सदरे जाळण्यांत आले.

तें चित्र पाहून आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनींही स्वयंपाकघरांतून काड्यापेटी मागितली. माझी आई तेव्हां हयात होती. ती म्हणाली, "अंगावरचें वस्त्र जाळूं नये रे बाळा. नकोच असेल तर बोहारणीला दे, एखादी वाटी तरी येईल." त्याला तेंही नको होतें. दुसऱ्या कोणाच्या अंगावर तो सदरा दिसावा ही कल्पनाच त्याला सोसवेना. शेवटीं तो सदरा माळ्यावरच्या ट्रंकेंत, जुन्या धाबळ्यांच्या खालीं गेला.

पुढले कित्येक महिने मुलगा वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब ठेवीत असे: टोरेस चेल्सीसाठीं किती मिनिटें गोलावांचून खेळला. चेल्सीकडून त्याचा पहिलाच सामना लिव्हरपूलविरुद्ध झाला, आणि लिव्हरपूलनें तो १-० असा जिंकला. त्या रात्रीं घरांत जणूं दिवाळी. हिशेब वाढत वाढत ९०३ मिनिटांवर गेला. २३ एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध, पावसानें तुंबलेल्या मैदानांत, एकदाचा गोल झाला. सप्टेंबरांत मँचेस्टरला गोलरक्षकाला चुकवून टोरेस पुढें गेला, समोर जाळें उघडें होतें, आणि चेंडू बाहेर! मुलगा टाळ्या पिटून हंसला. थोड्या वेळानें मी माजघरांत गेलों तों हा झोपाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मीं विचारलें, काय झालें? तेव्हां तो म्हणाला, "काका, तो असा नव्हता हो."

संस्कृतांत 'मन्यु' असा एक शब्द आहे. कोशकार त्याचा अर्थ क्रोध असाही देतात आणि दैन्य, शोक असाही देतात. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे राहतात, असें विद्यार्थी विचारीत, आणि मी प्रकरणावरून अर्थ घ्यावा असें ठराविक उत्तर देत असें. झोपाळ्यावरच्या त्या मुलाकडे पाहतांना तें उत्तर अपुरें वाटलें. तेथें प्रकरणही एक होतें आणि अर्थ दोन्ही होते.

आतां माझी गोष्ट सांगणें भाग आहे. मी ज्या शाळेंत होतों तेथें गणिताचे एक शिक्षक होते. माझ्याहून पांच-सहा वर्षांनीं मोठे, हाडाचे शिक्षक. भूमितीचा सिद्धान्त ते असा सांगत कीं, पलीकडच्या वर्गांतून माझीं मुलें कान देत. आमचा डबा एकत्र असे. ते मला 'शास्त्रीबुवा' म्हणत, मी त्यांना नुसतें 'सर'. १९९८ च्या जानेवारींत, दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असतां, ते एके दिवशीं राजीनामा देऊन गेले, आणि पुढल्या सोमवारपासून शाळेसमोरच्याच एका खासगी क्लासांत शिकवूं लागले. मला आदल्या दिवशींसुद्धां त्यांनीं सांगितलें नाहीं. डबा खातांना लोणचें कसें मुरलें आहे यावर बोलले.

जागा तात्काळ भरली जाईना. म्हणून दहावीच्या एका तुकडीचें गणित माझ्या गळ्यांत पडलें. टोरेसच्या जागीं लिव्हरपूलनें साडेतीन कोटि पौंड देऊन अँडी कॅरोल नांवाचा एक उंच खेळाडू आणला, त्यानें पुढें लीगच्या ४४ सामन्यांत अवघे ६ गोल केले. पुतण्या त्याची थट्टा करी तेव्हां मला हंसूं येत नसे. कारण त्या तुकडीपुरता मी कॅरोल होतों. त्यांचाच फळ्यावरचा लाकडी कंपास घेऊन मी वर्तुळें काढीत असें, आणि मुलें खिडकींतून समोरच्या क्लासाच्या जिन्याकडे पाहत असत. ज्यांच्या वडिलांना फी परवडली तीं मुलें संध्याकाळीं तो जिना चढूं लागलीं. ज्यांना परवडली नाहीं, तीं माझ्यापाशीं राहिलीं. त्यांतला एक मुलगा गणितांत थोडक्यानें नापास झाला. तो हुशार होता. त्याचा चेहरा मला अद्याप दिसतो. मीं सरांशीं बोलणें टाकलें, तें अठरा वर्षें.

सरांची बाजू मला ठाऊक नव्हती असें नाहीं. व्यवस्थापक मंडळानें त्यांना आठ वर्षें अर्धवेळ ठेविलें होतें. दर जूनमध्यें कायम करण्याचें आश्वासन मिळे आणि दर जूनमध्यें दुसऱ्याच कोणाची तरी सोय लागे. घरीं दोन मुली होत्या. टोरेसचेंही तसेंच कांहीं होतें. २००९ सालीं आलोन्सो रिआल माद्रिदला विकला गेला, २०१० सालीं माशेरानो बार्सिलोनाला. क्लबाच्या मालकांवर कर्जाचा डोंगर, कोर्टकचेरी, आणि त्या ऑक्टोबरांत क्लबच नव्या मालकांच्या हातीं गेला. संघाचे वासे एकेक करून काढून नेले जात असतां खांबानें तेवढें उभें राहावें, ही अपेक्षा न्यायाची नाहीं. हें सारें मला पुतण्याला समजावून सांगतां येई. सरांच्या बाबतींत स्वतःला समजावतां येत नसे. टोरेसनें जावें, पण जानेवारींत कां जावें? मेपर्यंत कां थांबूं नये? माझा राग 'जाण्या'वर नव्हता, 'जानेवारी'वर होता, असें मी स्वतःशीं म्हणत असें. खरें पाहतां त्या दिवशींच्या लोणच्यावर होता.

तीस वर्षें मीं मुलांना रामायण सांगितलें. बिभीषण चार साथीदारांसह रामाकडे गेला, सुग्रीवानें शंका घेतली, रामानें अभय दिलें, हें दरवर्षीं सांगितलें. परंतु लंकेंतल्या एखाद्या साध्या नागरिकाला त्या संध्याकाळीं काय वाटलें असेल, हा प्रश्न एकदांही माझ्या मनांत आला नाहीं. बिभीषणाची बाजू धर्माची होती यांत वादच नाहीं. तरीही आपल्याकडे सहसा कोणी मुलाचें नांव बिभीषण ठेवीत नाहीं.

२०१४ च्या एप्रिलची गोष्ट. चोवीस वर्षांनीं लीगचें अजिंक्यपद लिव्हरपूलच्या हातातोंडाशीं आलें होतें, आणि ॲनफिल्डवर चेल्सीशीं गांठ होती. कर्णधार जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीचा गोल झाला. शेवटच्या क्षणीं टोरेस आणि विलियन असे दोघेच मोकळ्या मैदानांतून गोलाकडे धांवत निघाले. चेंडू टोरेसपाशीं होता. त्यानें तो बाजूला ढकलला आणि गोल विलियनला करूं दिला. त्यानें स्वतः कां केला नाहीं? जुन्या मैदानाची लाज धरली, कीं सोबत्याला अधिक सोपें होतें एवढेंच? यावर आमच्या घरीं तीन दिवस वाद चालला. पुतण्याचें मत रोज बदले. मीं विचारलें, "तुला काय खरें असावेंसें वाटतें?" तो चिडून म्हणाला, "मला कांहींच वाटत नाहीं." न वाटणाऱ्यानें तीन दिवस वाद घातला!

पुढल्या वर्षीं, २९ मार्च २०१५ रोजीं, ॲनफिल्डवर जेरार्डनें धर्मादाय सामना ठेविला, आणि आपल्या संघांत खेळण्यास टोरेसला बोलाविलें. रविवारची संध्याकाळ होती, आम्ही सारे दूरदर्शन-संचासमोर. टोरेस मैदानांत आला. मला वाटलें, आतां शिट्या होणार. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवूं लागले. चार वर्षांपूर्वीं सदरे जाळणारेही त्यांत असतीलच. पुतण्या उभा राहिला नाहीं. टाळीही वाजविली नाहीं. पण त्यानें पंखा बंद केला, आवाज नीट ऐकूं यावा म्हणून.

२०१६ सालीं आमच्या शाळेचा महोत्सव झाला. १९९८ च्या तुकडीनें आग्रह धरला कीं, गणिताच्या सरांना बोलवावें. समितींत मीं विरोध केला, हें लपवीत नाहीं. ठराव माझ्याविरुद्ध मंजूर झाला, आणि त्या बाजूनें बोलण्यास उभा राहिला तो थोडक्यानें नापास झालेलाच मुलगा. आतां त्याचें औद्योगिक वसाहतींत स्वतःचें लेथचें दुकान आहे. तो म्हणाला, "सर गेले म्हणून मी नापास झालों असेन. पण आठवी-नववीला जें गणित आलें तें सरांचेंच होतें. आज माप घेतों तें त्याच्यावरच."

समारंभांत सर आले. केस पांढरे, खांदा थोडा वांकलेला. तुकडी उठून उभी राहिली. दोघे-तिघे बसूनच राहिले, आणि त्यांचेंही मला चुकलें असें वाटलें नाहीं. मी उठलों. मनानें उठलों कीं शेजारचे उठले म्हणून, तें आजही सांगतां येत नाहीं. त्या दिवशीं आम्ही एकमेकांस नमस्कार केला, बोललों नाहीं.

मार्च २०२४ मध्यें लिव्हरपूलच्या जुन्या खेळाडूंचा ॲमस्टरडॅमच्या आयाक्सच्या जुन्या खेळाडूंशीं ॲनफिल्डवर सामना झाला. पुतण्या पुण्याहून दोन दिवसांसाठीं आला होता. त्यानें माळ्यावरची ट्रंक काढली. सदरा आतां त्याच्या अंगांत शिरेना, म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर घातला. तीनच दिवसांपूर्वीं चाळिशी पुरी केलेल्या टोरेसनें त्या सामन्यांत गोल केला. पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, गणिताचे सर अजून त्याच गल्लींत राहतात ना?" मीं या मुलाला ती हकीकत कधीं सांगितली नव्हती. घरांत कोणीतरी सांगितली असावी.

दुसऱ्या दिवशीं मी कपाटांतून तो लाकडी कंपास काढला. निवृत्तीच्या वेळीं शाळेंतून मीं तो माझ्या पुस्तकांबरोबर घरीं आणला होता. कां, तें विचारूं नये. सरांनीं दार उघडलें, कंपासाकडे पाहिलें, मग माझ्याकडे. "आंत या, शास्त्रीबुवा." बसल्यावर त्यांनीं तो उघडून मिटून पाहिला. "याचा हा पाय सैल होता. अजून तसाच आहे. तुम्ही वापरला नाहींत वाटतें?"

"वापरला कीं," मी म्हणालों. "दोन महिने. म्हणून तर मुलांचीं सारीं वर्तुळें अंड्यासारखीं आलीं."

ते मोठ्यानें हंसले, आणि आंत वळून सुनेला दोन कप चहा टाकण्यास सांगितलें.