एका ‘टू’ची गोष्ट

मी मराठीचा प्राध्यापक आहे, हे मी सहसा कोणाला आपण होऊन सांगत नाही. सांगितले, की समोरच्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, “मग टेबलाला शुद्ध मराठीत काय म्हणतात हो?” आणि दुसरा, “तुमची मुलगी कोणत्या माध्यमात?” पहिल्याला मी ‘टेबलच’ असे उत्तर देतो. दुसऱ्याला खालच्या आवाजात ‘इंग्रजी’ म्हणतो आणि संभाषण पावसावर नेतो.

गेल्या पावसाळ्यातलीच ही गोष्ट. मराठीचा अभ्यास करणारे एक परदेशी गृहस्थ आमच्या महाविद्यालयात येणार होते. त्यांना मी मराठीत लिहिले असते, तर त्यांना आनंदच झाला असता. पण कार्यालयीन पत्र इंग्रजीतच गेले पाहिजे, असा वरून आदेश आला. मी संगणकापुढे बसून तासाभरात दहा ओळी कशाबशा जुळवल्या आणि शेवटी मोठ्या ऐटीत लिहिले, ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’

सातवीतली आमची कन्या दुधाचा पेला घेऊन पाठीमागे उभी होती. ती म्हणाली, “बाबा, मीट नाही. मीटिंग.”

“मीटिंग उद्या दुपारी आहे,” मी म्हणालो.

ती इतकी हसली, की दूध सांडले. “अहो, तिथे ‘टू मीटिंग यू’ असं पाहिजे!”

मी प्राध्यापकी आवाज काढला. “टूच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं. टू गो, टू ईट, टू मीट. आम्ही पाचवीत पाठ केलंय.”

“मग यानंतर का नाही येत?”

“ते तू सांग. तूच चूक काढलीस ना?”

“मला कारण नाही माहीत,” ती म्हणाली. “मीट कानाला बरं नाही वाटत.” आणि पेला तिथेच ठेवून ती निघून गेली.

वाचकहो, मला राग आला नाही. मला एक जुना हशा ऐकू आला. माझे शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, मराठी शाळेत झाले. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचे. बारावीनंतर मी शहरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र घ्यायचे म्हणून मुलाखतीला गेलो. आवड काय, असे इंग्रजीत विचारले गेले. ‘मला वाचायला आवडते’ हे मनातल्या मनात उलथवून मी म्हणालो, ‘आय ॲम फॉन्ड टू रीड.’ टेबलापलीकडचे तिघेही हसले. त्यांतल्या एकाने ‘फॉन्ड ऑफ रीडिंग’ अशी दुरुस्ती केली, तीही प्रेमळपणानेच. पण मी खाली आलो तो अर्थशास्त्र तिथेच ठेवून. पुढे मराठी घेतले आणि तिच्यावर जीव जडला, हे खरे. तरी पहिले पाऊल प्रेमाने पडले की भीतीने, हा प्रश्न मी पंचवीस वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

त्या रात्री घर झोपल्यावर मी इंग्रजी व्याकरण घेऊन बसलो. नियम तसा सोपा निघाला. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘आफ्टर’, ‘विदाऊट’ या मंडळींच्या पंगतीला फक्त नामांनाच पान मांडलेले असते. क्रियापदाला तिथे बसायचेच असेल, तर त्याने ‘इंग’चे सोवळे नेसून यावे, म्हणून ‘आफ्टर गोइंग’, ‘विदाऊट ईटिंग’. घोटाळा करतो तो एकटा ‘टू’. नाटक कंपनीतल्या गरजू नटासारखा तो एकाच खेळात दोन कामे करतो. कधी तो ‘ऑफ’, ‘ऑन’ यांचा सख्खा भाऊ असतो, तर कधी क्रियापदापुढे चालणारा नुसता भालदार. दोघांचा वेष एकच. ओळखायचे कसे? क्रियापद काढून तिथे ‘दिवाळी’ ठेवून पाहावी! ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ हे चालते. तेव्हा हा टू भाऊ, आणि त्याच्यापुढे ‘मीटिंग’च हवे. ‘आय वाँट टू दिवाळी’ हे मात्र चालत नाही. तेव्हा हा भालदार, आणि त्याच्यापुढे ‘मीट’.

नामांची तऱ्हा आणखी न्यारी. आपण म्हणतो, जाण्याची इच्छा, जाण्याची सवय, जाण्याची शक्यता, जाण्याचा निर्णय. एक ‘चा-ची’ घेतला, की सगळा संसार चालतो. इंग्रजीत मात्र ‘डिझायर टू गो’, ‘डिसिजन टू गो’. पण ‘हॅबिट ऑफ गोइंग’, ‘पॉसिबिलिटी ऑफ गोइंग’. ढोबळमानाने असे दिसते, की मन एखाद्या कृतीकडे तोंड करून उभे असले, की टू येतो; सवय, शक्यता, आवड अशा ठिकाणी ‘ऑफ’. ‘रिमेंबर टू पोस्ट’ म्हणजे पत्र टाकायची आठवण ठेव. ‘रिमेंबर पोस्टिंग’ म्हणजे पत्र टाकल्याचे आठवते. एकाचा डोळा पुढे, दुसऱ्याचा मागे. अर्थात नियम सांगून होतो न होतो, तोच ‘होप ऑफ गोइंग’ येऊन तोंडावर पाडते. आशा ही इंग्रजीतही बेभरवशाचीच!

पण खरी गंमत पुढेच होती. हा भालदार टू मुळात आला कुठून? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गाणे’ या क्रियापदाचे रूप ‘सिंगन’ असे होते. त्याच्यामागे ‘टो’ लागला, की त्याचे ‘टो सिंगेन्ने’ होई. हा शेपटीचा फरक म्हणजे चक्क विभक्तीचा प्रत्यय, तोही चतुर्थीचा. क्रियापदाचे नाम करायचे, त्याला चतुर्थी लावायची आणि त्यातून ‘गाण्यासाठी, गाण्याकडे’ असा अर्थ काढायचा. पुढच्या काही शतकांत शेपट्या झिजून गेल्या आणि ‘टू सिंग’ उरले. म्हणजे भालदार आणि भाऊ हे मुळात दोघे नव्हतेच. तो एकच टू होता.

मी खुर्चीत ताठ बसलो. कारण हे तर आपले ‘गायला’! ‘गावयाला’ झिजून ‘गायला’ झाले. क्रियापदाचे नाम, आणि त्याच्या मागे आपला चतुर्थीचा ‘ला’. वेदांच्या भाषेतही जगण्यासाठी ‘जीवसे’ असे रूप येते, आणि तीही चतुर्थीच. ज्या टूच्या धाकाने मी जिना उतरलो होतो, तो नात्यागोत्यातला निघाला. माणूस कुठेही जन्माला येवो, काही करायला निघाला, की चतुर्थीचे बोट धरून निघतो. तेवढ्याने ‘फॉन्ड टू रीड’ बरोबर ठरत नाही, हे मला कळते. पण चूक करणारा मुलगा अडाणी नव्हता, तो आपल्या ‘वाचायला’चे इमानाने भाषांतर करत होता, हे त्या रात्री मला प्रथमच कळले.

आणि आपल्या घरी तरी काय कमी पेच आहेत? आमच्या समोरच्या तमिळ बाई हौसेने मराठी शिकतात. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठले. ‘मी बँकेत जायला लागले’ आणि ‘मला बँकेत जायला लागले’ यांत एवढा फरक का? पहिलीत बाई आपण होऊन जाऊ लागली, दुसरीत तिला जाणे भाग पडले. शिवाय ‘जाऊ लागले’ चालते. पण ‘मला जाऊ लागले’ का चालत नाही? मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे मराठी व्याकरण माझ्या कपाटात आहे. पण ते जिन्यात नव्हते. मी म्हणालो, “ते कानाला बरोबर लागत नाही.” बाई म्हणाल्या, “तुमच्या कानाला. माझ्या कानाने काय करायचं?” मुलीचे उत्तर आणि माझे उत्तर एकच होते, फक्त पगार मला मिळत होता.

हे सारे कधीतरी मुलीला नीट समजावून सांगायचे, असे मी ठरवले. ती वेळ आली दिवाळीच्या तोंडावर. गावी असलेल्या आजीला तिने स्वतः रंगवलेले भेटकार्ड केले आणि मला दाखवले. आत मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘प्रिय आजी, मी तुला भेटायला पुढे बघते आहे.’

हसू अगदी ओठांवर आले होते. पण त्या टेबलापलीकडचे तीन चेहरे आठवले आणि मी ते गिळले. तिला शेजारी बसवले. म्हटले, “हे बघ, इंग्रज माणूस आवडत्या माणसाच्या भेटीसाठी पुढे बघतो. आपण त्याची वाट पाहतो. तो येणार तो रस्ताच पाहतो. म्हणून ‘तुला भेटण्याची वाट पाहते.’” मग ‘सिंगेन्ने’ आणि ‘गायला’ यांचे नाते सांगितले. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी चुकले, पण वेड्यासारखी नाही चुकले.”

“मीसुद्धा,” मी म्हणालो. तिला त्यातले काही कळले नाही.

कार्ड पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. तिने जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी लिहिली. चार दिवसांनी आईचा फोन आला. मी घाईघाईने सांगू लागलो, की पहिली ओळ चुकली आहे, दुसरी तेवढी वाच.

“दोन्ही वाचल्या,” आई म्हणाली. “पोर पुढं बघतीय ते बरंच हाय की. वाट बघायला मी हाय हितं.”