मुठीवरचे ठिपके

आज ग्लॉकच्या मुठीवर स्टिपलिंग सुरू केलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्याने निवडलेल्या या पिस्तुलाची चौकट पोलादाची नाही, नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरची. म्हणून तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक टेकवलं की ती जागच्या जागी वितळते आणि बारीक खळगा उमटतो. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात घामेजलेल्या तळव्याला पकड मिळते ती या शेकडो खळग्यांमुळे.

काडतुसं आधीच दुसऱ्या खोलीत ठेवली. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहिलं, बोटानेही चाचपलं, मगच स्लाइड उतरवली. हातातल्या कसबापेक्षा ही सवय मला मोलाची वाटते. खिडकी उघडी, पंखा चालू. वितळत्या पॉलिमरचा धूर छातीत जाता कामा नये.

पेन्सिलीने हद्द आखली, अनुक्रमांकाच्या पट्टीपासून लांब. मुठीची भिंत पातळ आहे. टोक दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. गेलेलं पॉलिमर परत येत नाही. यंत्राच्या एकसारख्या नक्षीपेक्षा गोधडीच्या टाक्यांसारखे हे हातचे ठिपके मला फार आवडतात. उद्या अंगाकडची बाजू. तिथे ठिपके विरळ ठेवणार, नाहीतर पिस्तूल सदऱ्याखाली बाळगताना कातडी सोलवटेल.